बिनलेबलची बाटली : पशुऔषध दुकानदारांना एक खुलं पत्र

सर्व पशुऔषध विक्रेते आणि कृषी सेवा केंद्र चालवणारे दादा-भाऊ यांस,

स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कोंबड्या पाळते. ६०० लेअर आहेत, तपकिरी अंड्याच्या. पिंजऱ्यात नाहीत, भाताच्या तुसावर आहेत. लांबट शेडचे पाच कप्पे, एकेका कप्प्यात १२० पक्षी, आणि दिवसा समोरच्या जाळीच्या अंगणात मोकळ्या. शेडचा पत्रा दिरांच्या पैशातून आला. ते गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात परराज्यात असतात. आमच्या विट्याच्या बाजूला कितीतरी घरं अशीच चालतात, कमावणारा माणूस हजार किलोमीटरवर आणि मागं बाया, म्हातारी माणसं नि जनावरं. तर खाद्य, औषध, हिशोब हे सगळं माझ्याकडं. तुमच्यातल्या दोघातिघांच्या काउंटरवर मी महिन्यातून चार वेळा उभी असते. उधारीच्या वहीत माझं पान आहे. उधारी असली की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो, म्हणून तिथं उभं राहून जे बोलता आलं नाही ते इथं लिहिते. नाव कुणाचंच घेणार नाही. एका दुकानाचं गाऱ्हाणं असतं तर त्याच दुकानात जाऊन भांडले असते.

गेल्या श्रावणातली गोष्ट. श्रावणात तसाही अंड्याला उठाव नसतो, त्यामुळं रोज ट्रे किती भरले याकडं माझं जरा दुर्लक्ष झालं. पंधरवड्यानं वही उघडली तर ५१० वरून ४३० वर आले होते. खाद्य तेच, पाणी तेच, उजेडाचे तास तेच. कोंबड्यांचे तुरे फिके पडलेले, रक्त ओढून घेतल्यासारखे. एकमेकींची पिसं उपटत होत्या. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे तिन्हीसांजेला दांडीवर चढायलाच तयार नाहीत. कोंबडी ही जात अशी की उजेड कमी झाला की उंच जागा शोधते, तिला सांगावं लागत नाही. या मात्र खाली तुसात घोळका करून बसायच्या. एखादीला उचलून दांडीवर ठेवलं तरी ती उडी मारून परत खाली. काही अंड्यांवर बारीक तांबडे ठिपके दिसायला लागले, ओल्या कुंकवाचं बोट झटकावं तसे. माझ्या व्यापाऱ्यानं तीन ट्रे परत केले, म्हणाला, "वहिनी, रक्ताची अंडी गिऱ्हाईक घेत नाही."

मी तुमच्याकडं आले. पहिल्या खेपेला कॅल्शियम मिळालं, दुसऱ्या खेपेला व्हिटॅमिनचं द्रावण, तिसऱ्या खेपेला जंताचं औषध. तिन्ही वेळा मी जे सांगितलं ते तुम्ही नीट ऐकून घेतलं असं नाही म्हणता येणार, पण खोटं कशाला बोला, मीही नीट सांगितलं नव्हतं. "अंडी कमी झालीत" एवढंच म्हणायचे. चौथ्या खेपेला माझ्या मनगटांवर आणि मानेवर लाल पुरळ उठलं होतं, ते दाखवलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "पिसवा झाल्यात." आणि एक पावडर दिली, कोंबड्यांच्या अंगावर चोळायची. ६०० कोंबड्या धरून धरून पंखाखाली पावडर चोळायला मला आणि माझ्या लेकीला अडीच दिवस लागले. आठवड्यानं परिस्थिती तीच.

पाचव्या खेपेला दुकानात तुम्ही नव्हता, काउंटरवर पोरगा होता. त्यानं आतून एक बाटली आणली. पाण्याची जुनी प्लॅस्टिकची बाटली, अर्धा लिटरची, आत दुधाळ पातळसं काहीतरी. लेबल नाही. मी विचारलं काय आहे. तो म्हणाला, "भातावरचं आहे, जालीम आहे, पंपाला दोन झाकणं घाला. लई झाले असतील तर तीन." मी घेतली. बिल मागितलं नाही, त्यानं दिलं नाही.

आता या पत्राचा उरलेला भाग त्या बाटलीबद्दल आहे आणि त्या किड्याबद्दल.

त्या रात्री मला झोप लागेना, अंग खाजत होतं. एक वाजता बॅटरी घेऊन शेडमध्ये गेले. पहिल्यांदा काही दिसलं नाही. मग बांबूच्या दांडीवर उजेड टाकला आणि दांडी हलतेय असं वाटलं. दांडी नव्हती हलत. राखाडी आणि तांबड्या ठिपक्यांचा थर तिच्यावरून चालत होता, बांबूच्या फाटलेल्या टोकातून बाहेर येत होता नि कोंबडीच्या पायांवरून वर जात होता. बोटानं दाबलं तर रक्ताची रेघ उमटली. ते रक्त माझ्या कोंबडीचं होतं. दिवसा मी त्याच दांडीवर हात ठेवून शंभर वेळा उभी राहिले होते आणि मला काही दिसलं नव्हतं.

आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडं ते किडे छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये घालून नेले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि मलाही पाहू दिले. आठ पाय. म्हणजे पिसू नव्हे, ऊ नव्हे. या दोघींना सहाच पाय असतात. ही कोळ्याच्या आणि गोचिडाच्या गोतातली जात, लांबी जेमतेम एक मिलिमीटर, पोट रिकामं असताना राखाडी आणि रक्त पिऊन झाल्यावर तांबडी. म्हणून तांबडा माइट. शास्त्रीय नाव डर्मॅनिसस गॅलिनी. डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगते, कारण ते तुमच्या काउंटरवर सांगितलं जायला हवं होतं असं मला वाटतं.

हा माइट कोंबडीवर राहत नाही. दिवसभर तो फटीत असतो, बांबूच्या पोकळीत, पत्र्याच्या जोडात, अंडी घालायच्या खोक्याच्या कोपऱ्यात, खिळ्याच्या डोक्याखाली, वाळलेल्या विष्ठेच्या पापुद्र्याखाली. रात्री अंधार पडला की बाहेर येतो, कोंबडीवर चढतो, अर्धा-एक तास रक्त पितो आणि परत फटीत जातो. मादी रक्त प्यायल्यावर एका वेळेला चारपासून आठपर्यंत अंडी घालते, तीही फटीतच. हवा उबदार आणि दमट असली, म्हणजे आमच्याकडची श्रावण-भाद्रपदातली हवा, तर अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा फेरा सात ते दहा दिवसांत पुरा होतो. कोंबडी नसली तरी तो उपाशीपोटी कित्येक महिने तग धरतो. म्हणजे जुनी बॅच विकून शेड दोन महिने रिकामं ठेवलं आणि आता नवीन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणल्या की सगळं स्वच्छ, असं ज्यांना वाटतं त्यांच्या तलंगांचं स्वागत करायला तो फटीत बसलेलाच असतो. माझंही तेच झालं असावं. मे महिन्यात मला एकही दिसला नव्हता. कोरड्या उन्हाळ्यात तो दबतो, आणि आपण समजतो गेला.

हे एकदा समजलं की पंखाखाली पावडर चोळण्यातले अडीच दिवस कुठं वाया गेले ते कळतं. दिवसा ढवळ्या आम्ही कोंबड्यांच्या अंगावर औषध चोळत होतो. किडा त्या वेळी दोन हातांवर बांबूत झोपला होता.

काउंटरवर मात्र सगळ्याला एकच शब्द आहे, "पिसवा." गिऱ्हाईक तेच म्हणतं आणि तुम्हीही तेच म्हणता. त्या एका शब्दात निदान चार वेगळी जनावरं आहेत. ऊ पक्ष्याच्या अंगावरच जन्म काढते. शेपटीखालची पिसं बाजूला केली की भर दिवसा पळताना दिसते, पिसांच्या बुडाशी लिखांचे पुंजके दिसतात. तिला अंगावरचं औषध बरोबर. माइटमध्येही एक जात अशी आहे जी पक्ष्यावरच राहते, मग गुदद्वाराभोवतीची पिसं काळपट चिकट होतात. तिलाही अंगावर. कोंबडीचा गोचीड माइटपेक्षा कितीतरी मोठा, चपटा, भोपळ्याच्या बीसारखा, डोळ्यांना सहज दिसणारा. पण तोही रात्री चावतो आणि दिवसा भिंतीत लपतो, आणि त्याच्यामुळं कोंबड्यांना ताप आणणारा वेगळा आजारही होतो. आणि चौथा हा तांबडा माइट. चौघांचं बिऱ्हाड वेगळं, म्हणून चौघांचा इलाजही वेगळा. तुम्ही आम्हाला दोन प्रश्न जरी विचारलेत तरी पुष्कळ: किडे दिवसा दिसतात की रात्री, आणि अंगावर दिसतात की लाकडात? एवढ्यावर अर्धं निदान होतं. उत्तर माहीत नसलं तर गिऱ्हाइकाला सांगा, आज काही घेऊ नका, रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन दांडी बघा आणि उद्या या. एक दिवस विक्री पुढं जाईल. गिऱ्हाईक जाणार नाही.

आता बाटली.

सूक्ष्मदर्शक बघायच्या आधीच, म्हणजे त्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी ती एका कप्प्यात फवारली होती. राग आला होता. तीन झाकणं घातली. दांड्यांवर मारली, भिंतीवर मारली, आणि कोंबड्या आत असतानाच मारली. त्यांच्या अंगावर, पाण्याच्या भांड्यांवर, खाद्याच्या डब्यांवर गेली. माइट मेले का? मेले. दुसऱ्या रात्री त्या कप्प्यात चिटपाखरू नव्हतं. मी खूश. बाकीचे चार कप्पे उद्या करायचे असं ठरवलं होतं. ती जालीमच होती, पोरगा खोटं बोलला नव्हता.

डॉक्टरांनी विचारलं, "काय मारलंत?" मी म्हटलं, भातावरचं. ते गप्प झाले. मग म्हणाले, "त्या कप्प्याची अंडी विकू नका." मी विचारलं, किती दिवस? त्यांनी जे उत्तर दिलं ते मी विसरणार नाही: "बाटलीत काय आहे ते कळल्याशिवाय किती दिवस ते मी कसं सांगू?"

मधल्या दोन दिवसांत माझ्या नातवानं त्या कप्प्यातल्या अंड्यांची ऑम्लेटं खाल्ली होती. त्याला काही झालं नाही, देवाची कृपा. पण "काही झालं नाही" हे मी कुठल्या आधारावर म्हणते तेही मला ठाऊक नाही.

भातावर मारायची औषधं पुष्कळ आहेत, त्या बाटलीत नेमकं कुठलं होतं ते मी सांगू शकत नाही. पण भातावर आणि उसावर खोडकिडीसाठी वापरलं जाणारं एक औषध आहे फिप्रोनिल. तुमच्या मांडणीवर त्याचे डबे असतात. त्याची एक गोष्ट तुमच्यापैकी काहींनी वर्तमानपत्रात वाचली असेल, काहींनी नसेल. हा माइट काही आमच्याच दारिद्र्याचा आजार नाही. युरोपातल्या दर शंभर लेअर फार्मपैकी ८३ वर तो आहे, नेदरलँड्समध्ये तर ९४ वर, असं तिथल्या पाहण्या सांगतात. तिकडं २०१२ पासून जुन्या पद्धतीचे लहान पिंजरे बंद झाले. कोंबड्यांना दांड्या, खोकी, मोकळी जागा मिळाली. चांगलंच झालं, पण माइटलाही फटी मिळाल्या. माझ्या तुसावरच्या शेडचं तेच. तर तिथं एका फवारणीवाल्या कंपनीनं शेतकऱ्यांना सांगितलं, आमच्याकडं निलगिरी-पुदिन्याच्या वासाचं वनस्पतीजन्य द्रावण आहे, माइट महिनोन् महिने येत नाही. येत नव्हताच. कारण त्या वनस्पतीजन्य द्रावणात फिप्रोनिल मिसळलेलं होतं, आणि खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांवर ते वापरायला युरोपात बंदी आहे.

फिप्रोनिल चरबीत मुरतं, चरबीतून अंड्याच्या बलकात उतरतं. २०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हे फुटलं. नेदरलँड्समध्ये दीडशेच्या वर फार्मना कुलूप लागलं, जर्मनी-बेल्जियममधल्या दुकानांच्या फळ्यांवरून अंडी उचलली गेली, लाखो अंडी नष्ट केली, लाखो कोंबड्या मारल्या, आणि ती अंडी किंवा त्यांपासून केलेला माल चाळीसहून जास्त देशांत पोचल्याचं निघालं, अगदी हाँगकाँगपर्यंत. युरोपातली मर्यादा किलोमागं ०.००५ मिलिग्रॅम. म्हणजे दोनशे टन अंड्यांत एक ग्रॅम. माझं गणित लेकीनं दोनदा तपासलंय. कोंबड्यांच्या अंगातून ते निघावं म्हणून शेतकऱ्यांना पक्ष्यांची पिसं झडेपर्यंत उपासाला बसवायची वेळ आली, कारण चरबी झडल्याशिवाय ते जात नव्हतं. त्या कंपनीच्या दोघा चालकांना २०२१ मध्ये न्यायालयानं एक वर्षाची कैद सुनावली.

मला त्या गोष्टीत सगळ्यात जास्त कुणाची कीव आली असेल तर त्या शेतकऱ्यांची. त्यांनाही बाटलीत काय आहे ते माहीत नव्हतं. पण त्यांच्याकडं अंडं तपासणारी यंत्रणा होती, अंड्यावर शिक्का होता, कुठल्या फार्मचं ते कळत होतं. माझ्या अंड्यावर शिक्का नाही. माझं अंडं विट्याच्या हातगाडीवर फुटलं की माझा माग संपला. मी त्या दिवशी गप्प बसले असते तर जगात कुणाला काही कळलं नसतं.

आता त्या कप्प्याचं काय चाललंय ते सांगते. १२० कोंबड्यांच्या पायात लाल दोरा बांधलाय, दुसऱ्यांत मिसळू नयेत म्हणून. रोज त्यांना साधारण १३ किलो खाद्य लागतं. रोज त्या नव्वदच्या आसपास अंडी देतात आणि ती मी परड्यातल्या खड्ड्यात टाकून वर चुना नि माती टाकते. कोंबड्या खायला विकता येत नाहीत, तेच विष मांसातही असणार. मारून टाकायला हात धजत नाही. सासूबाई रोज खड्ड्याकडं बघून "अन्नाची विटंबना" म्हणतात आणि मी काही बोलत नाही.

उरलेल्या चार कप्प्यांचं जे केलं ते मात्र सविस्तर लिहिते, कारण त्यातलं बरंचसं सामान तुमच्याच दुकानात मिळतं आणि तुम्ही ते गिऱ्हाइकाला सांगितलंत तर बाटलीइतकी नसली तरी विक्री होईलच.

आधी फटी. बांबूच्या सगळ्या दांड्या काढल्या आणि शेडपासून लांब नेऊन जाळल्या. जळताना त्यातून जो तडतड आवाज आला तो बांबूचाच असणार, पण लेक म्हणाली, माइटचा. त्याऐवजी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप बसवले, दोन्ही टोकांना बुच मारून. पाइपाला फट नसते. पाइप भिंतीत न रोवता लोखंडी पायांवर उभे केले, आणि त्या पायांखाली जुन्या तेलाच्या वाट्या ठेवल्या. ही अक्कल माझी नाही. माझी आजी मुंग्या लागू नयेत म्हणून दुधाच्या कपाटाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची, तीच युक्ती. डॉक्टर हसले आणि म्हणाले, परदेशात असले पाय विकत मिळतात. अंडी घालायची लाकडी खोकी मोडून प्लॅस्टिकचे क्रेट ठेवले. भिंतीच्या भेगा सिमेंटनं लिंपल्या, पत्र्याच्या जोडातली कोळिष्टकं आणि चिमण्यांची घरटी काढली. चिमण्या, साळुंख्या, कबुतरं हा किडा घेऊन हिंडतात. पिल्लं उडून गेल्यावरच काढली, एवढी माणुसकी ठेवली. तूस पूर्ण उपसलं. मग उकळतं पाणी, मग ब्रश, मग वाळल्यावर चुना, कोपऱ्याकोपऱ्यात दाट. फ्लेमगननं भाजायचंही बरेच जण करतात, आणि ती माइटवर चालतेही, पण माझ्या शेडमध्ये तूस, पत्र्याखाली लाकडी वासे आणि रॉकेलची सवय असलेला गडी, या तिघांना एकत्र आणायची माझी हिंमत झाली नाही.

एवढं झाल्यावर फवारणी. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, सीलबंद, लेबल असलेलं औषध, त्यांनी सांगितलेल्या प्रमाणात, कोंबड्या अंगणात असताना, भांडी बाहेर काढून, आणि फक्त फटींत. मग शेड वाळेपर्यंत कोंबड्या बाहेर. आणि सातव्या दिवशी पुन्हा. ही दुसरी फवारणी मला आजवर कुठल्याही काउंटरवर सांगितली गेली नव्हती. पहिल्या फवारणीत चालते-फिरते किडे मरतात, अंडी मरत नाहीत. आठवड्यात त्यांची पिढी उभी राहते आणि आपण म्हणतो "औषधात दम राहिला नाही." मग तुम्ही दुप्पट प्रमाण सांगता, आम्ही दुप्पट मारतो, आणि त्यातूनही जे वाचतात त्यांची पोरं त्या औषधाला जुमानत नाहीत. गोचिडासाठी म्हणून गाईम्हशींवर जी औषधं वर्षानुवर्षं वापरली जातात त्याच गटातल्या औषधांना जगभरच्या माइटनी असंच पचवलंय. दम औषधाचा गेला नाही, तारीख आमची चुकली.

सासूबाईंचा राखेचा खड्डा मी आधी हसण्यावारी नेला होता. चुलीची चाळलेली राख एका कोपऱ्यात ठेवायची, कोंबड्या त्यात लोळतात. आता कळतंय की त्यात तथ्य आहे. बारीक कोरडी भुकटी किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडते नि शोषते, आणि किडा सुकून मरतो. युरोपात याच कामाला सिलिकाची आणि डायटोमेशियस अर्थ नावाची भुकटी फटींत मारतात. त्यात विष नसतं, त्यामुळं किड्याला सरावायलाही काही नसतं. फक्त ती नाकात जाऊ द्यायची नाही, मास्क हवा, आणि ओल लागली की ती निकामी. म्हणून पावसाळ्याच्या आधी मारून ठेवायची. सासूबाई कडुलिंबाचा पालाही टाकायच्या. स्वीडनमध्ये कडुलिंबाचा अर्क लावलेल्या पुठ्ठ्याच्या सापळ्यांनी माइट बरेच कमी झाल्याची चाचणी झालेली आहे, तेव्हा तिथंही मी तोंड बंद ठेवलं. तंबाखूचं पाणी मात्र मी टाकू दिलं नाही. निकोटिन कोंबडीलाही विषच.

पुठ्ठ्याचं काम मला सगळ्यात आवडलं. खोक्याचा नागमोडी पुठ्ठा, तळहाताएवढा तुकडा, पाइपाखाली तारेनं बांधायचा. माइटला ती उत्तम फट वाटते. आठवड्यानं काढायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, किती सापडले ते बघायचं आणि पुठ्ठा जाळायचा. प्रत्येक कप्प्यात चार. वहीत अंड्यांच्या आकड्याशेजारी मी आता माइटचा आकडा लिहिते. पहिल्या आठवड्यात मोजताच आले नाहीत, "लई" असं लिहिलंय. सहाव्या आठवड्यात चार पुठ्ठ्यांत मिळून ११. शून्य होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, मीही धरून बसत नाही. पण तुरे तांबडे झालेत आणि तिन्हीसांजेला कोंबड्या जागेसाठी भांडत दांडीवर चढतात. ते भांडण ऐकायला मी मुद्दाम थांबते.

तुम्ही म्हणाल, एवढं करायला कुणाला वेळ आहे, गिऱ्हाईक येतं तेच मुळी "जालीम द्या" म्हणत. खरं आहे. मीही तेच म्हणत होते. डॉक्टर एक आणि गावं वीस, तेव्हा आमचा डॉक्टर तुम्हीच असता, हेही खरं. म्हणून तर हे पत्र पशुसंवर्धन खात्याला न लिहिता तुम्हाला लिहिते. ते वर्षातून एकदा शिबिर घेतील. तुम्ही रोज सकाळी नऊला शटर उघडता.

माझं मागणं फार नाही. सुटं औषध विकू नका. मोठ्या डब्यातलं पाण्याच्या बाटलीत ओतून देऊ नका, आणि मुंगी मारायचं असलं तरी देऊ नका. शेतावरचं औषध जनावराच्या गिऱ्हाइकाला देऊ नका, त्यानं हट्ट केला तरी. बिलावर औषधाच्या आतल्या घटकाचं नाव लिहा, नुसतं "औषध १ नग" नको. अंड्याच्या कोंबड्यांसाठी विचारतंय म्हटल्यावर अंडी किती दिवस विकायची नाहीत ते तोंडानं सांगा, लेबलवर असलं तरी; आमच्यातल्या किती जणांना इंग्रजीतलं बारीक अक्षर वाचता येतं ते तुम्हाला माहीतच आहे. इव्हरमेक्टिन हे जंत-गोचिडावरचं औषध सगळ्या दुखण्यांवरचं उत्तर असल्यासारखं देऊ नका. थोडा वेळ रक्त पिऊन निघून जाणाऱ्या या माइटवर त्याचा भरवसा धरता येत नाही, अंड्यात मात्र ते उतरतं. काउंटरवरच्या पोराला, तो तुमचा भाचा असो की पुतण्या, एवढं तरी शिकवा की दोन झाकणं हे माप नव्हे.

आणि आणखी एका औषधाबद्दल आधीच सांगते. युरोपात २०१७ मध्येच, म्हणजे अंड्यांचं ते प्रकरण फुटलं त्याच ऑगस्टमध्ये, माइटवर पाण्यातून द्यायचं फ्लुरालेनर हे औषध लेअरसाठी मंजूर झालं. सात दिवसांच्या अंतरानं दोन डोस, आणि अंडी टाकून द्यावी लागत नाहीत. कोंबडीचं रक्त प्यायलं की माइट मरतो. हेच द्रव्य कुत्र्यांच्या गोचिडाच्या चघळायच्या गोळीत असतं, आणि ती गोळी तुमच्यापैकी काहींकडं आहे. उद्या कुणीतरी मोबाइलवर वाचून येईल आणि म्हणेल, गोळी कुटून पाण्यात घालतो. त्याला देऊ नका. कुत्र्याच्या वजनाची गोळी ६०० कोंबड्यांच्या टाकीत किती घालायची हे ना त्याला ठाऊक, ना तुम्हाला.

माझी उधारी दिवाळीच्या आधी पुरी करते. त्या १२० कोंबड्यांच्या खाद्याची उधारीही त्यातच आहे, तीही देईन. त्याबद्दल तुमच्याकडं काही मागत नाही.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक कोंबडीपालक

ता. क. बाटली अजून माझ्याकडं आहे. साधारण पाऊण भरलेली. माळ्यावर, कुलपाच्या पेटीत ठेवलीय, वर मी स्वतः कागद चिकटवून लिहिलंय : "विष. कशाचं ते माहीत नाही." ओढ्यात ओतता येत नाही, जमिनीत पुरता येत नाही, जाळता येत नाही. येत्या बाजारच्या दिवशी पिशवीत घालून आणते. ज्या डब्यातून ती ओतली त्याच्यावरचं नाव तेवढं एका कागदावर लिहून द्या, म्हणजे डॉक्टरांना विचारता येईल की खड्डा अजून किती दिवस खणत राहायचा.